जोतीरावांनीही अर्ज केला होता

मागच्या पावसाळ्यात आमच्या तालुक्यातल्या एका वाडीतल्या मुलीने कथालेखनाच्या निवासी कार्यशाळेला अर्ज केला होता. वय चोवीस, शिक्षण बी.ए., घर खाडीच्या कडेला. दिवसा एका होम-स्टेच्या स्वयंपाकघरात काम करते आणि पर्यटक झोपले की वहीत लिहिते. पावसाळ्यात मालवणचं जलपर्यटन बंद असतं, खोल्या रिकाम्या असतात, म्हणून मालकाकडून चार दिवसांची रजा मिळाली. मोसमात मिळाली नसती. निवड झाल्याचा मेल आला तेव्हा आम्हाला, म्हणजे दर रविवारी विहारात अभ्यासवर्गाला जमणाऱ्या सहा-सात जणांना, आपल्यालाच नोकरी लागल्यासारखं वाटलं. फी आणि गाडीभाडं वर्गणीतून उभं केलं. कुडाळ स्टेशनवर तिला गाडीत बसवून आलो.

परत आली आणि म्हणाली, "दादा, माका परत खंय पाठवू नकात."

कार्यशाळेचं नाव आम्ही इथे लिहीत नाही. नाव घेतलं की चर्चा नावावरच थांबते, आणि हा प्रश्न एका कार्यशाळेचा नाही. तिच्याशी जे झालं ते मात्र नीट सांगायला हवं, कारण त्यातला एक भाग आमच्यावरही येतो.

तिची कथा आजीची होती. आजी आयदान विणते. कोकणातल्या आपल्या लोकांना बांबूकामाबद्दल काही सांगायची गरज नाही. उर्मिला पवार यांनी २००३ साली आपल्या आत्मकथनाला 'आयदान' हे नाव दिलं ते उगाच नव्हे. कथेत आजी सुपं आणि रोवळ्या डोक्यावर घेऊन गावात जाते. एका घरात लग्न आहे. सूप अंगणात ठेवायचं, लांब उभं राहायचं. मग घरातली बाई येते, सुपावर पाणी शिंपडते आणि आत नेते. बरोबर आलेली नात विचारते, "आजये, पाणी मारल्यार सुपातलो तुझो हात जाता?" आजी काही बोलत नाही. घरी येते, कनवटीचे पैसे काढून जमिनीवर ठेवते आणि त्यांच्यावर पाणी शिंपडते. मग उचलते.

इथे कथा संपत होती. म्हणजे तिच्या पहिल्या खर्ड्यात संपत होती.

कार्यशाळेची पद्धत अशी की कथा सर्वांसमोर वाचायची, मग बाकीचे बोलणार आणि लेखकाने गप्प बसून ऐकायचं. मार्गदर्शक नावाजलेले कथाकार होते. त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या. मालवणी फार आहे, संवाद ठेव पण निवेदन प्रमाण मराठीत आण. दुसरं, आता असं कुठे राहिलंय? आणि तिसरं, शेवट कथेचा नाही, भाषणाचा आहे. त्यानंतर चहाच्या वेळी एका सहभागी बाईंनी तिला अगदी प्रेमाने सांगितलं, "तुमच्याकडे बाई लिहायला विषय तरी असतात." पुढचे दोन दिवस ती कोणाशी बोलली नाही. संध्याकाळी सगळे गाणी म्हणत बसायचे तेव्हा ही खोलीत.

आता या तीन गोष्टींचा हिशोब करू.

मालवणी फार आहे, हा आक्षेप गंमतीचा आहे. 'वस्त्रहरण'चे हजारो प्रयोग महाराष्ट्राने पाहिले, मच्छिंद्र कांबळींनी मालवणीला रंगभूमीवर राज्य मिळवून दिलं. पुण्या-मुंबईचा प्रेक्षक तेव्हा पोट धरून हसला, एकही शब्द अडला नाही. हसायचं असेल तर मालवणी कळते आणि आजीच्या तोंडून कोणी अपमान सांगायला लागलं की तीच मालवणी जड होते. हे भाषेचं दुखणं नाही. अर्थात मालवणीही एक नाही. गावच्या देवळाच्या आवाठातली मालवणी आणि आपल्या वाडीतली मालवणी यांत फरक आहे, आणि तो फरकच तिच्या कथेत होता. प्रमाण मराठीत निवेदन आणलं असतं तर नेमका तोच गेला असता.

आता असं कुठे राहिलंय, याला उत्तर म्हणून आम्ही लगेच वर्तमानपत्रांची कात्रणं काढायला बसतो. ती चूक आहे. कथा आजीच्या काळातली आहे, तिला आजचा पुरावा कशाला? कोकणातल्या भुताखेतांच्या कथा मराठीत पिढ्यान् पिढ्या वाचल्या गेल्या. आता भुतं कुठे राहिलीत, असं कार्यशाळेत कोणी विचारल्याचं आमच्या ऐकिवात नाही. चकव्यावर विश्वास ठेवायला वाचक तयार असतो, सुपावर शिंपडलेल्या पाण्यावर नसतो. वाचकाला काय खरं वाटतं हे तो कुठल्या घरात वाढला यावर ठरतं, आणि कार्यशाळेच्या वर्तुळात बसलेले वीसच्या वीस वाचक एकाच प्रकारच्या घरांतले असतील तर कथा कितीही चांगली असो, तिला साक्षीदार मिळत नाही.

तिसरा आक्षेप मात्र बरोबर होता. आणि तो दोष तिचा नव्हता, आमचा होता.

तिने पहिला खर्डा विहारात वाचून दाखवला तेव्हा आम्ही सगळे क्षणभर गप्प झालो होतो. मग आमच्यातल्या एकाने म्हटलं, छान आहे पण यात विचार कुठे आला? दुसऱ्याने म्हटलं, आजीने विद्रोह केला पाहिजे. आम्ही स्वतः म्हटलं, समाजशास्त्रात एम.ए. केल्याचा माज असेल, की यातून परिवर्तनाची दिशा दिसत नाही. तिने मुकाट्याने एक पान जोडलं. त्यात शिकलेला नातू गावच्या सभेत उभा राहून जातिव्यवस्थेवर बोलतो. ते पान वाचताना तिचा आवाजसुद्धा बदलायचा. आजी पैशांवर पाणी शिंपडते यात सगळा विद्रोह होता, तो आम्हाला दिसला नाही. दिसला तो ज्या माणसाला दोन गोष्टी दिसल्या नव्हत्या त्याला! हे लिहिताना आम्हाला बरं वाटत नाही, पण लपवण्यात अर्थ नाही.

या सगळ्यावर अभ्यासवर्गात जो वाद झाला त्यासाठी हा लेख. आमच्यातल्या एका जुन्या कार्यकर्त्याने सरळ सांगितलं की आपण त्यांच्या दारात जायचंच कशाला? महात्मा फुल्यांनी १८८५ साली न्यायमूर्ती रानड्यांना पत्र लिहून मराठी ग्रंथकारांच्या सभेला यायला नकार दिला होता. ज्यांच्या पुस्तकांत शूद्रातिशूद्रांचं दुःख उमटत नाही त्यांच्यात मिसळून आमचा काही लाभ नाही, असा त्या पत्राचा आशय. 'घालमोडे दादा' हा शब्द तिथला. तर कार्यकर्त्याचं म्हणणं, जोतीरावांनी पत्र लिहिलं, आपण अर्ज लिहितो. ही प्रगती की अधोगती?

प्रश्न बिनतोड वाटतो. तसा तो नाही. जोतीराव फुल्यांनी ते पत्र लिहिण्याच्या तीस वर्षं आधी, १८५५ साली, 'तृतीय रत्न' हे नाटक लिहिलं आणि ते दक्षिणा प्राइज कमिटीकडे पाठवलं होतं. कमिटीने ते नाकारलं. कमिटीतल्या भटांमुळे नाकारलं, हे जोतीरावांनी पुढे स्वतः लिहून ठेवलं. म्हणजे वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी जोतीराव अर्जदार होते आणि नापास अर्जदार होते. त्या नकाराने ते लिहायचे थांबले नाहीत. १८७३ मध्ये 'गुलामगिरी' आणि सत्यशोधक समाज, त्यानंतर दहा वर्षांनी 'शेतकऱ्याचा असूड', आणि मग ते पत्र. पत्र लिहिणाऱ्या माणसाच्या पाठीमागे तोपर्यंत स्वतःचं लेखन होतं, स्वतःची संघटना होती, स्वतःचा वाचक होता. चोवीस वर्षांच्या मुलीला, जिची एकही कथा अजून छापून आलेली नाही, त्या पत्राचं उदाहरण देऊन घरी बसवायचं हा जोतीरावांचा वारसा नव्हे. नकार द्यायला आधी कोणीतरी बोलवावं लागतं.

बाबासाहेबांचं तर सगळ्यांना पाठ आहे, पण आपण ते या अंगाने पाहत नाही. १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडे शिष्यवृत्ती मागायला गेलेला तरुण अर्जदारच होता. महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं, आणि बदल्यात दहा वर्षं संस्थानची नोकरी करण्याचा करार. सही करून ते न्यूयॉर्कला गेले. तिथे ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातींवरचा निबंध वाचला. वय पंचवीस. त्या वर्तुळात बसलेल्या किती जणांनी आयुष्यात अस्पृश्य हा शब्द ऐकला असेल? तरी वाचला. आज आपण तो निबंध ग्रंथ म्हणून वाचतो, पण मुळात तो वर्गात, इतरांच्या शंका ऐकत सादर केलेला मजकूर होता. कार्यशाळा म्हणजे आणखी वेगळं काय असतं?

आपल्याकडे कार्यशाळा हा शब्द उशिरा आला, गोष्ट जुनी आहे. अण्णा भाऊ साठे शाळेत गेले ते दीड दिवस. ते लिहायला शिकले कुठे? माटुंग्याच्या लेबर कॅम्पात, कामगारांच्या सभांत, १९४४ मध्ये सुरू झालेल्या लाल बावटा कलापथकात, जिथे आज लिहिलेलं उद्या लोकांसमोर म्हणायचं आणि लोक उठून जातात की बसतात हे बघायचं. त्याच लेबर कॅम्पात बाबुराव बागूल वाढले आणि १९६३ साली 'जेव्हा मी जात चोरली होती' हा संग्रह आला. १९५८ साली मुंबईत पहिलं दलित साहित्य संमेलन भरलं, उद्घाटन अण्णा भाऊंनी केलं. औरंगाबादला मिलिंद महाविद्यालयाच्या परिसरात अमेरिकेत शिकून आलेल्या म. ना. वानखेडे यांनी तिकडच्या काळ्या लेखकांच्या साहित्याची चर्चा घडवली, गंगाधर पानतावणे यांनी 'अस्मितादर्श' चालवलं आणि त्याच्या मेळाव्यांत खेड्यापाड्यातली पोरं पहिल्यांदा आपलं लेखन घेऊन उभी राहिली. १९९९ साली धारावीत पहिलं विद्रोही साहित्य संमेलन झालं, अध्यक्ष बागूलच. ही सगळी आपली शिबिरंच होती. यांतल्या कशासाठीही कोणाकडे फी भरावी लागली नाही.

मग आपण आज काय करतो? आपण कविता करतो. हे जरा कडू वाटेल. अखिल भारतीय संमेलनाच्या परिसंवादाला अर्ज नसतो, बोलावणं असतं. कविकट्ट्याला मात्र नाव नोंदवता येतं, त्यामुळे आपली मुलं तिथे गर्दी करतात. जयंतीला, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला, वाडीच्या कार्यक्रमात तीन मिनिटांची कविता म्हणता येते, टाळ्या मिळतात. गाणं म्हणता येतं, भाषण करता येतं. वीस मिनिटांची कथा कोण ऐकणार? माईकवाला पहिल्या पानालाच घड्याळ दाखवतो. कथेला एकांत लागतो, दार बंद होणारी खोली लागते, आणि नंतर एक वाचक लागतो जो टाळी न वाजवता सांगेल की तिसऱ्या पानावर मी कंटाळलो. चळवळीने आपल्याला मंच दिला, हे उपकार मोठेच. पण मंचावर जे वाढतं तेच वाढलं. बागूल, शंकरराव खरात, वामन होवाळ, योगीराज वाघमारे, उर्मिला पवार अशी नावं घेताना आपण फार लवकर थांबतो, आणि कवींची नावं घ्यायला लागलो तर रात्र पुरत नाही.

म्हणून अर्ज. चार दिवस खोली, चार दिवस कोणी जेवण वाढणार, चार दिवस फक्त लिहिणं. आमच्या या मुलीने पहिल्या दिवशी फोन करून काय सांगितलं असेल? "दादा, हय भांडी घासूची नाय." दुसऱ्याने वाढलेलं ताट तिने कितव्यांदा पाहिलं असेल याचा हिशोब करा आणि मग प्रस्थापितांच्या दारात जायचं की नाही यावर बोलू.

अमेरिकेतलं एक उदाहरण आम्ही तिला सांगितलं. ऑक्टाव्हिया बटलर या काळ्या लेखिकेची आई लोकांच्या घरी मोलकरीण होती. १९७० साली ती क्लॅरियन नावाच्या विज्ञानकथा लेखनाच्या कार्यशाळेला गेली. जवळपास सगळे गोरे. तिथेच तिच्या पहिल्या कथा विकल्या गेल्या. मग पुढची पाच वर्षं काहीच नाही. त्या काळात तिने भांडी धुतली, फोनवरून माल विकला, वेफर्सच्या कारखान्यात खराब वेफर्स निवडले, आणि पहाटे उठून लिहिलं. १९७९ ला 'किन्ड्रेड' आली, जी आज तिकडे शाळा-कॉलेजांत शिकवतात. ती २००६ साली वारली, तेव्हापासून तिच्या नावाने शिष्यवृत्ती दिली जाते, ज्यातून गोरे नसलेले लेखक क्लॅरियनला जातात. फी भरता येत नाही हा प्रश्न तिकडेही होता. त्यांनी त्याची संस्था केली, आम्ही वर्गणी काढतो.

तिकडे दुसरी वाटही निघाली. गोऱ्यांच्या कार्यशाळांत एकट्या पडलेल्या काळ्या कवींनी १९९६ मध्ये केव्ह केनेम नावाचं स्वतःचं निवासी शिबिर सुरू केलं, जिथे कोणाला 'आता असं कुठे राहिलंय' हे समजावत बसावं लागणार नाही. जुनो डियाझ या कादंबरीकाराने २०१४ साली लेख लिहून सांगितलं की त्याच्या विद्यापीठातल्या लेखनवर्गात वंशाविषयी बोलायची सोयच नव्हती, जणू साहित्यात तो विषयच येत नाही. वाचताना आम्हाला आमचीच मुलगी आठवली. पण यातला एक मुद्दा निसटू नये. केव्ह केनेम काढणारे आधी त्या गोऱ्या वर्गांत बसून आले होते. आत काय चालतं हे पाहिल्याशिवाय बाहेर काय उभारायचं ते कळत नाही.

आता थोडं कामाचं. आम्ही गेल्या दोन वर्षांत पाच-सहा जणांचे अर्ज भरायला मदत केली, त्यातून जे दिसलं ते सांगतो.

पहिली अडचण पात्रतेची नसतेच. जाहिरात वाचतानाच आपली मुलं स्वतःला नाकारतात. "माका थंय कोण घेतलो?" हे वाक्य आम्ही इतक्यांदा ऐकलं आहे की ते आता वाडीचं म्हणणं झालं आहे. जाहिरातीत लिहिलेलं असतं 'लेखनाची आवड असणाऱ्यांनी', आणि आपण वाचतो 'प्रसिद्ध लेखकांनी'. जी अट लिहिलेली नाही ती मनातून घालू नका. तुम्हाला नाकारायचं काम निवड समितीचं आहे, ते तिला करू द्या. फुकट कशाला मदत करता?

लेखनाचा नमुना पाठवताना आपल्याला सर्वांत जास्त छळलेल्या प्रसंगाची कथा पाठवायची असा एक समज आहे. समितीला दुःखाचं प्रमाणपत्र नको असतं, निदान नको असायला हवं. जी कथा तुम्ही सर्वांत चांगली लिहिली आहे ती पाठवा, मग ती होडीच्या शर्यतीवर असो की शेजारच्या कोंबड्यावर. आपल्यातल्या एका मुलाची प्रेमकथा उत्तम होती, पण त्याने अत्याचाराची घाईत लिहिलेली कथा पाठवली, कारण 'आपल्याकडून तीच अपेक्षा असते'. ही अपेक्षा आपण मानली की आपणच आपल्याला त्या चहाच्या वेळच्या बाईंच्या वाक्यात बसवतो. आणि पहिलं पान पुन्हा पुन्हा लिहा. शेकडो अर्ज वाचणारा माणूस पहिल्या पानावरच ठरवतो, हे अन्यायाचं असलं तरी खरं आहे.

'लेखकाविषयी' या रकान्यात जात लिहायची का, हा प्रश्न दर वेळी येतो. आमचं उत्तर असं की लाजून लपवू नका आणि भांडवल म्हणूनही मांडू नका. होम-स्टेमध्ये स्वयंपाक करते, आजीकडून सूप विणायला शिकले, एवढं लिहिलं तरी ज्याला वाचता येतं त्याला वाचता येतं. बागूलांच्या कथेतल्या नायकाला भाड्याच्या खोलीसाठी जात चोरावी लागली. चार दिवसांच्या खोलीसाठी ती पुन्हा चोरू नये.

फी माफ करा असं लिहायला संकोच करू नका. पुष्कळ ठिकाणी एक-दोन जागा सवलतीच्या असतात, त्या विचारणाऱ्याला मिळतात. दोन ओळींचं पत्र पुरतं, त्यात रडगाणं नको. जिथे फी नाही अशा जागाही आहेत. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे, ज्यांचं एकही पुस्तक निघालेलं नाही त्यांच्या पहिल्या पुस्तकासाठी, आणि त्यात कथासंग्रह व कादंबरी दोन्ही बसतात. साहित्य अकादमी तरुण लेखकांना प्रवासासाठी अनुदान देते. संगम हाऊस ही निवासी लेखनाची जागा २००८ पासून चालते आणि भारतीय भाषांत लिहिणाऱ्यांनाही घेते. केंद्र सरकारची पीएम-युवा योजना २०२१ मध्ये आली. त्या वर्षी तीस वर्षांखालचे ७५ लेखक, सहा महिने दरमहा ५०,००० रुपये, मराठीसह बावीस भाषा आणि इंग्रजी, असं तिचं स्वरूप होतं. विषय सरकार ठरवतं, त्यामुळे तिच्याबद्दल आमची मतं फार गोड नाहीत. पण पहिल्या वर्षीचा विषय विस्मृतीत गेलेल्या लढवय्यांचा होता, आणि आपल्या कोकणातल्या गोपाळबाबा वलंगकरांवर, ज्यांनी १८८८ साली 'विटाळ विध्वंसन' लिहिलं, पाच हजार शब्द लिहून पाठवावेत असं आमच्या ओळखीतल्या एकालाही सुचलं नाही. आम्हालाही नाही. नाकारलं असतं तर नाकारलं असतं, लेख तरी हातात राहिला असता.

एक इशारा. 'राज्यस्तरीय', 'राष्ट्रीय', 'विश्व' अशी नावं लावून संमेलनं आणि पुरस्कार विकणारी दुकानं गावोगाव झाली आहेत. नोंदणी शुल्क भरा, सन्मानचिन्ह आणि प्रमाणपत्र घेऊन जा. आपल्या महापुरुषांची नावं त्या पुरस्कारांना असतात म्हणून आपली मुलं फसतात. जिथे तुमचं लेखन मागण्याआधी पैसे मागतात तिथे जाऊ नका. वाडीतल्या किती भिंतींवर ती चकचकीत सन्मानचिन्हं आहेत, आणि त्यांच्या मालकांची कथा कोणी एकदा तरी शेवटपर्यंत वाचली आहे का?

आणि अर्जासोबत एक माणूस लागतो. आम्ही मुलीला गाडीत बसवलं आणि परत आलो, ही आमची मोठी चूक. एकटीला पाठवायचं असेल तर रोज रात्री फोन करणारं कोणीतरी हवं, तिथे काय बोलले ते ऐकून त्यातलं काय घ्यायचं आणि काय टाकायचं हे तिच्याबरोबर निवडणारं. कार्यशाळेत मिळालेली प्रत्येक सूचना म्हणजे निकाल नव्हे, हे तिला जाण्याआधी सांगायला हवं होतं. आमच्या लोकांना वर्गात गप्प बसून ऐकायची सवय फार जुनी आहे. लेखकाने बोलायचं नाही हा नियम इतरांसाठी चार दिवसांची शिस्त असेल, तिच्यासाठी तो शाळेतला मागचा बाक होता.

दिवाळीनंतर आम्ही विहारात महिन्यातून एकदा कथावाचन सुरू केलं. फक्त कथा, कविता नाही. कवी मित्र रागावले आहेत. नियम दोनच ठेवले. वाचणाऱ्याला मध्ये बोलता येतं. आणि 'यात विचार कुठे आला' असं कोणी विचारलं की त्याने सगळ्यांचा चहा द्यायचा. पहिल्या दोन बैठकांचा चहा आमच्याच खिशातून गेला.

तिसऱ्या बैठकीला ती आली, मागे बसली, काही वाचलं नाही. जाताना तिने त्या कथेची वही परत मागितली, जी तिने परतल्यावर आमच्याकडे टाकून दिली होती. आम्ही तिला एका नव्या जाहिरातीचा कागद दिला, शेवटची तारीख महिनाअखेरची होती. तिने कागद वहीत घातला. अर्ज भरला का, हे आम्ही विचारलेलं नाही. एवढंच कळलं की तिने वहीतलं नातवाच्या भाषणाचं पान फाडलं, आणि तिच्या आईने त्यावर काजू भाजले.